चहापानकला, चिनी : वसईच्या किनाऱ्याच्या संदर्भात

चहाच्या पानांची निवड, पाण्याची पारख, ते तापविण्याची मात्रा, भांड्यांचा उपयोग आणि पाहुण्यास चहा देण्याघेण्याचा शिष्टाचार यांसंबंधी चीनमध्ये विकसित झालेल्या परंपरागत पद्धतींस चिनी चहापानकला असे म्हणतात. चिनी भाषेत तिच्यासाठी ‘छा-ताओ’ (चहाचा मार्ग) आणि ‘छा-यी’ (चहाची कला) हे शब्द आढळतात. पैकी पहिला शब्द थांग काळाइतका (६१८–९०७) जुना असून दुसरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तैवानमध्ये रूढ झाला. जपानमधील ‘चा-नो-यू’ हा सुप्रसिद्ध विधी याच परंपरेची शाखा होय.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा या कलेशी संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटतो. तथापि ज्या पोर्तुगीज सागरी मार्गाने चहाची वार्ता यूरोपात पोहोचली, त्याच मार्गावरील साम्राज्याचे वसई (आता पालघर जिल्हा) हे एक प्रमुख ठाणे होते. वसईत जन्मलेली एक व्यक्ती तर चहापानाचा विधी ऐन भरात असताना जपानच्या राजदरबारात वावरत होती. असे असूनही ही कला वसईत रुजली नाही. चहा तेथे आला तो सुमारे तीनशे वर्षांनी, निराळ्या वाटेने आणि निराळ्या रूपात. हे असे का घडले, याचा विचार केल्यास चहापानकला म्हणजे नेमके काय, यावरही प्रकाश पडतो.

चीनमधील विकास : शन-नुंग या पौराणिक सम्राटाच्या उकळत्या पाण्यात रानझुडपाची पाने पडली आणि चहाचा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचा पुरावा अर्थातच पुष्कळ अलीकडचा. हान वंशातील सम्राट जिंग (मृत्यू इ. स. पू. १४१) याच्या शीआनजवळील समाधिस्थळात सापडलेली वनस्पतिद्रव्ये चहाच्या कोवळ्या पानांची असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. प्रारंभी चहा हे औषध आणि काहीसे कालवण होते. कांदा, आले, खारका, संत्र्याची साल, पुदिना असे पदार्थ घालून तो शिजवीत.

या कढ्याची कला बनविण्याचे श्रेय लू यू (७३३–८०४) याला देतात. पोरका म्हणून बौद्ध विहारात वाढलेल्या या गृहस्थाने छा जिंग हा तीन भागांचा व दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. चहाविषयीचा जगातील हा पहिला स्वतंत्र ग्रंथ होय. चहाचे मूळ, पाने खुडण्याची व वड्या पाडण्याची साधने, चहा करण्याची उपकरणे, कृती, पिण्याची रीत आणि आधीच्या वाङ्मयातील उल्लेख असा त्याचा विस्तार आहे. लू यूच्या काळी चहाच्या दाबून केलेल्या वड्या मिळत. वडी निखाऱ्यावर भाजावयाची, कुटून व चाळून तिची पूड करावयाची आणि पाणी तापत ठेवावयाचे, अशी ही कृती होती. पाण्याच्या तापण्याच्या त्याने तीन अवस्था मानल्या आहेत. माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे दिसू लागले व किंचित आवाज आला की पहिली. त्या वेळी चिमूटभर मीठ घालावे. भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरीप्रमाणे बुडबुडे उठू लागले की दुसरी. तेव्हा एक पळीभर पाणी काढून ठेवावे आणि उरलेले ढवळून मध्यभागी पूड सोडावी. लाटा उसळू लागल्या की तिसरी. या वेळी काढून ठेवलेले पाणी परत ओतून उकळी मोडावी. यापुढे पाणी तापू दिले तर ते ‘म्हातारे’ होते व पिण्यायोग्य राहत नाही, असे तो बजावतो. पाण्यांत डोंगरातील झऱ्याचे उत्तम, नदीचे मध्यम व विहिरीचे कनिष्ठ असा क्रम त्याने लावला आहे. पेल्यांविषयीही त्याचे मत ठाम होते. शिंग भट्ट्यांच्या शुभ्र पेल्यापेक्षा युए भट्ट्यांचा हिरवट झिलईचा पेला त्याला अधिक पसंत होता. त्यात चहाचा रंग हिरवा खुलतो, असे त्याचे म्हणणे.

आले, पुदिना इ. पदार्थ घालून उकळलेल्या चहाची लू यूला मनस्वी चीड होती. असा चहा म्हणजे गटारात टाकून देण्याजोगे पाणी, असा त्याचा अभिप्राय आहे. कोकणातील कोणत्याही घरी केल्या जाणाऱ्या चहाला हा अभिप्राय तंतोतंत लागू पडावा, हा इतिहासातील एक गमतीचा योगायोग म्हटला पाहिजे.

सोंग काळात (९६०–१२७९) कृती पालटली. पूड पाण्यात न शिजविता पेल्यातच घेऊन तिच्यावर गरम पाणी ओतीत आणि बांबूच्या चिपांच्या लहान रवीने घुसळून फेस काढीत. फेस कोणाचा अधिक शुभ्र व अधिक टिकाऊ, याच्या स्पर्धा लागत. फेस उठून दिसावा म्हणून फूज्यान प्रांतातील काळ्या झिलईचे पेले प्रिय झाले. सम्राट ह्वेइ-जुंग (कार. ११००–२५) याने स्वतः या विषयावर ११०७ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे त्याचे राज्य जर्चेनांनी जिंकून घेतले आणि तो कैदेत मरण पावला. चहाच्या फेसात गुंतलेला राजा म्हणून नंतरच्या इतिहासकारांनी त्याला बोल लावला, तो सर्वस्वी न्याय्य नाही. राज्य बुडण्याची कारणे बरीच मोठी होती.

यानंतरचा पालट मात्र कलावंतांनी नव्हे, तर राजाज्ञेने घडविला. मिंग वंशाचा संस्थापक हुंग-वू याने १३९१ मध्ये प्रजेवरील भार हलका करण्यासाठी खंडणीदाखल द्यावयाच्या वड्यांची प्रथा बंद करून सुट्या पानांचा चहा स्वीकारण्याची आज्ञा दिली. वडी गेली, तिच्याबरोबर जाते, चाळणी व रवीही गेली. सुटी पाने गरम पाण्यात मुरविण्याची आज सर्वत्र परिचित असलेली पद्धत यातून रूढ झाली आणि चहादाणी हे या कलेचे मुख्य उपकरण बनले. ज्यांगसू प्रांतातील यीशिंग येथील जांभळट मातीच्या बिनझिलईच्या चहादाण्यांना सोळाव्या शतकापासून मान मिळाला. या मातीच्या सूक्ष्म छिद्रांत चहाचा गंध मुरतो. म्हणून जाणकार एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात.

दक्षिणेकडे, मुख्यतः ग्वांगदुंग प्रांतातील छावजौ भागात व फूज्यानमध्ये, ‘गोंगफू छा’ ही पद्धत विकसित झाली. ‘गोंगफू’ म्हणजे कष्टाने साधलेले कसब. तीत अर्धवट ऑक्सिडीभूत केलेला ऊलुंग जातीचा चहा वापरतात. मुठीत मावेल एवढी चहादाणी व तिच्याभोवती चिमुकले पेले प्रथम उकळत्या पाण्याने धुऊन तापवून घेतात. चहादाणी पानांनी बरीच भरतात व पाणी थोडे घालून काही क्षणांतच ओतून घेतात. ओतताना धार एका पेल्यात न थांबविता सर्व पेल्यांवरून फिरवीत राहतात. म्हणजे कोणास दाट, कोणास पातळ असा भेद राहत नाही. त्याच पानांवर पुनःपुन्हा पाणी घालून सात-आठ वेळा चहा काढतात आणि प्रत्येक वेळी पालटणाऱ्या चवीची चर्चा करतात. युआन मेइ (१७१६–९८) या कवीला वू-यी डोंगरातील चहा प्रथम कडू औषधासारखा वाटे. तेथील भिक्षूंनी अक्रोडाएवढ्या पेल्यातून दिलेला चहा हुंगून व घुटक्याघुटक्याने चाखल्यावर आपले मत कसे बदलले, हे त्याने लिहून ठेवले आहे. पान तेच, पण देणारा व देण्याची रीत पालटताच चव पालटली, हे या कलेचे मर्म होय.

चहापानाचा चिनी समाजव्यवहाराशी असलेला संबंधही ध्यानात घेण्याजोगा आहे. पाहुणा येताच चहा पुढे करणे हा शिष्टाचार. पण छिंग काळातील अधिकाऱ्याने आपला पेला उचलला, की भेट संपली असे समजून पाहुण्याने उठावयाचे असे. विवाह ठरताना वराकडून वधूकडे जाणाऱ्या भेटीत चहा असे आणि ‘चहा स्वीकारणे’ याचा अर्थच वाङ्‌निश्चय असा होता. चहाचे रोप एकदा रुजल्यावर दुसरीकडे लावता येत नाही, ही समजूत त्यामागे होती. चीनमधील चहानिर्मितीची परंपरागत तंत्रे व त्यांच्याशी निगडित सामाजिक प्रथा यांचा समावेश युनेस्कोने २०२२ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत केला.

पोर्तुगीज मार्ग आणि वसई : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये ती जिंकून घेईपर्यंत वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठिकाण होते. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आदी संघांचे मठ व चर्चे होती. या संघांचे धर्मोपदेशक गोवा–मलाक्का–मकाव–नागासाकी या मार्गाने ये-जा करीत. मकाव येथे पोर्तुगीजांची कायम वसाहत १५५७ च्या सुमारास झाली. चहाचे प्रारंभीचे एक चांगले यूरोपीय वर्णन याच मार्गावरून गेलेल्या गाश्पार द क्रूश या डॉमिनिकन धर्मोपदेशकाचे आहे. तो १५४८ मध्ये गोव्यास आला व १५५६ मध्ये कँटन येथे काही काळ राहिला. चीनवरील त्याचा ग्रंथ १५६९–७० मध्ये एव्होरा येथे छापला गेला. प्रतिष्ठित घरी येणाऱ्या पाहुण्यास सुबक तबकात ठेवलेल्या चिनी मातीच्या पेल्यातून ‘चा’ नावाचे तांबूस, काहीसे कडू व औषधी पेय देतात, असे त्याने नमूद केले आहे. पेयापेक्षा पेयाचा शिष्टाचार त्याच्या नजरेत अधिक भरलेला दिसतो.

मकाव व कँटनच्या बोलीतील ‘चा’ हाच शब्द पोर्तुगीजांनी घेतला. डच लोकांचा व्यवहार फूज्यानच्या किनाऱ्याशी असल्यामुळे त्यांनी तेथील ‘ते’ हे रूप उचलले व इंग्रजी, फ्रेंच इ. भाषांत ते पसरले. फार्सीमार्गे आलेल्या हिंदी ‘चाय’ मध्ये शेवटी ‘य’ आहे. मराठी ‘चहा’ व गुजराती ‘चा’ यांत तो नाही. किनाऱ्यावरील भाषांतील रूपे सागरी मार्गाच्या रूपाशी अधिक जुळतात, हे यावरून दिसून येईल.

वसईचा या इतिहासाशी येणारा सर्वांत निकटचा संबंध गोन्सालो गार्सिया (सु. १५५७–९७) यांच्यामुळे जोडला जातो. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई वसईकडील होती. वसई किल्ल्यातील जेझुइटांकडे शिक्षण झाल्यावर वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते सेबाश्तियांव गोन्साल्विश या धर्मोपदेशकाबरोबर जपानला गेले. तेथे काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम करताना त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. जेझुइट संघात कायम प्रवेश न मिळाल्याने ते काही काळ व्यापारात पडले आणि पुढे मानिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. फिलिपीन्सच्या गव्हर्नराचा वकील म्हणून पेद्रो बाउतिस्ता १५९३ मध्ये जपानला गेले, तेव्हा त्यांचे दुभाषी म्हणून गोन्सालो यांनी टोयोटोमी हिदेयोशी (१५३७–९८) याच्या दरबारात काम केले.

हा काळ जपानी चहापानविधीच्या इतिहासातील परमोत्कर्षाचा आहे. एइसाइ (११४१–१२१५) या भिक्षूने बाराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून चहाचे बी व घुसळलेल्या चहाची सोंग रीत जपानात नेली होती. चीनने ती रीत टाकून दिली, जपानने जपली. तिला सेन नो रिक्यू (१५२२–९१) याने अत्यंत साधे व कठोर रूप दिले. रिक्यूच्या चहागृहाचे दार इतके बुटके असे, की आत येणाऱ्यास गुडघ्यांवर सरपटत यावे लागे. सामुरायाला तलवार बाहेर ठेवावी लागे. आत दर्जाचा भेद मानीत नसत. हिदेयोशीने १५८७ मध्ये क्योतोनजीक कितानो येथे भव्य चहामेळावा भरवून त्यास शेतकऱ्यांपर्यंत सर्वांना येण्याची मुभा दिली होती. दुसरीकडे याच हिदेयोशीने सोन्याने मढविलेले, सुटे करून हलविता येणारे चहागृहही करविले होते आणि रिक्यूला त्यानेच आत्महत्येची आज्ञा दिली. तेव्हा चहागृहातील समता दारापुरतीच होती, असे म्हणावे लागते.

जेझुइटांना या विधीचे महत्त्व लवकर कळले. लुईश द आल्मेइदा याने १५६५ मधील पत्रात साकाइ येथील चहापानाचे सविस्तर वर्णन केले आहे. आलेस्सांद्रो वालिन्यानो (१५३९–१६०६) या पर्यवेक्षकाने जपानमधील संघाच्या घरांत चहासाठी स्वच्छ जागा व त्यासाठी नेमलेला माणूस असावा, असा नियमच घालून दिला. जोआंव रोद्रिगिश (सु. १५६१–१६३३) हा जेझुइट तर हिदेयोशीच्या दरबारात दुभाषी होता, चा-नो-यूचे त्याने लिहिलेले विवेचन आजही प्रमाण मानले जाते. अशा घरांत व अशा दरबारात वर्षानुवर्षे वावरलेल्या वसईकर दुभाष्याला चहापानाचे संकेत अवगत असलेच पाहिजेत, असे अनुमान करण्यास हरकत नाही. परंतु ते ज्ञान वसईस परत येणे नव्हते. हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर देहदंड देण्यात आला, त्यांत गोन्सालो गार्सिया व पेद्रो बाउतिस्ता हे दोघेही होते. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये त्यांना संतपद दिले. हा मान मिळालेली भारतात जन्मलेली ही पहिली व्यक्ती. वसई तालुक्यातील गास येथील चर्चला व वसईतील महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

विडा आणि चहा : वसईच्या किनाऱ्यास चीन अपरिचित नव्हता. वसईच्या उत्तरेस असलेल्या संजाण (गुजरात) येथील उत्खननांत मध्ययुगीन चिनी मृत्पात्रांचे तुकडे मिळाले आहेत, तर जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत मिंगकालीन निळ्या नक्षीच्या भांड्यांचे. मराठीतील ‘चिनी माती’ हा शब्दप्रयोग या संपर्काची खूण होय. पेला आला, पण त्यातील पेय आले नाही. गार्सिया द ऑर्ता (सु. १५०१–६८) या पोर्तुगीज वैद्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. वसईच्या अधिकारक्षेत्रातील मुंबई बेटाचा पट्टा त्याच्याकडे होता. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या त्याच्या औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथात चीनहून येणाऱ्या चोपचिनीच्या मुळीवर संवाद आहे, विड्याच्या पानावर आहे. चहावर स्वतंत्र संवाद नाही.

विड्याच्या पानाचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. चीनमध्ये चहा जे सामाजिक कार्य करीत होता, ते या किनाऱ्यावर विडा करीत होता. विड्याचीही एक कला होती. पान कोणत्या मळ्याचे, ते किती पिकलेले, चुना किती, कात कसा, सुपारी भाजलेली की चिकणी, घडी गोविंदविड्याची की साधी, याची पारख करणारे जाणकार होते. पानदान, अडकित्ता, चुनाळे, पिकदाणी ही तिची उपकरणे. वसईचे पानमळे तर प्रसिद्धच होते. साम्य येथवरच थांबत नाही. चिनी अधिकाऱ्याने पेला उचलावा व पाहुण्याने उठावे, तसा मराठी दरबारात विडा देऊन निरोप देत. चीनमध्ये चहा स्वीकारला की लग्न ठरले. महाराष्ट्रात सुपारी फुटली की ठरले. समारंभाला ‘पानसुपारी’ हे नाव विसाव्या शतकापर्यंत चालू होते. जेथे आदरातिथ्याचे असे पूर्ण वाढलेले साधन घरोघरी होते आणि त्याचा कच्चा माल परसात वेलीवर उगवत होता, तेथे हजारो मैलांवरून येणाऱ्या महाग पानाला ती जागा मिळणे कठीण होते. चहाची वार्ता किंवा व्यापारी मार्ग नसल्यामुळे ही कला येथे आली नाही, असे म्हणता येत नाही. तिची जागा येथे रिकामी नव्हती, हेच खरे कारण दिसते.

पश्चिम किनाऱ्यावर चहा पोहोचला तो औषध म्हणून. मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने १६३८ मध्ये सुरतेस रोजच्या बैठकांत चहा पिण्याची चाल पाहिली. १६८९ मध्ये मुंबई व सुरतेस आलेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने सुरतेचे वाणी चहात खडीसाखर किंवा मुरविलेले लिंबू घालतात, तसेच डोकेदुखी व पोटातील कळ यांवर तो तिखट मसाल्यांबरोबर उकळून घेतात, असे लिहिले आहे. मसाल्याच्या चहाचा हा जुना पुरावा ठरतो. लू यूने नऊशे वर्षांपूर्वी धिक्कारलेली रीत येथे आयुर्वेदीय काढ्याच्या परंपरेत आपोआप बसली.

दरम्यान वसईच्या अखत्यारीतील मुंबई बेट निराळ्याच प्रकारे चहाच्या इतिहासात आले. १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगालची राजकन्या कातारीना (१६३८–१७०५) हिच्या आंदणात ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले. ही राजकन्या चहाची भोक्ती होती व इंग्लंडच्या राजदरबारात चहाला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः तिच्यामुळे. इंग्लंडात चहाची मागणी अतोनात वाढली. पण त्याच्या मोबदल्यात चीनला विकण्यासारखा माल इंग्रजांकडे नव्हता. तो हिंदुस्थानने पुरविला. कापूस आणि विशेषतः माळव्याची अफू मुंबई व दमण या बंदरांतून कँटनच्या दिशेने जाऊ लागली. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) आदी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीचा पाया या व्यापारात आहे. लंडनच्या पेल्यातील चहाची किंमत चीनमधील व्यसनाधीनांनी मोजली व अखेर १८३९–४२ चे पहिले अफूचे युद्ध झाले. मुंबईच्या भरभराटीचा विचार करताना हा भाग बहुधा गाळला जातो.

आसामचा चहा व मराठी समाज : चीनवरील अवलंबन टाळण्यासाठी कंपनी सरकारने १८३४ मध्ये चहा समिती नेमली. आसामात चिनी कारागीर आणले आणि १८३९ मध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. चिनी कारागिरांकडून पाने सुकविणे, चोळणे व भाजणे यांचे तंत्र घेण्यात आले; चहा देण्याघेण्याची कला मात्र कोणी मागितली नाही. पुढे यंत्रे आली. पाने चिरडून, फाडून व वळवून बारीक दाणे करणारे यंत्र १९३०–३१ मध्ये आसामातच निघाले. या दाण्यांचा चहा झटपट उतरतो, रंगाला गडद व तुरट असतो. त्यातील तुरट द्रव्ये दुधातील केसीन या प्रथिनाशी बांधली जातात व चव सौम्य होते. म्हणून असा चहा दूध-साखरेसह उकळणे हे केवळ अज्ञान नसून या मालाला योग्य अशी ती कृती आहे. चिनी हिरव्या चहाला तीच कृती लावली, तर तो नासतो.

देशातच गिऱ्हाईक मिळविण्यासाठी १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसविण्यात आला व त्या निधीतून रेल्वे स्थानके, गिरण्या व बाजार येथे प्रचार सुरू झाला. वसई परिसरात लोहमार्ग १८६४ मध्ये आला. विरारहून मुंबईस जाणारी पहिली उपनगरी गाडी १८६७ मध्ये धावली. भाजीपाला, फुले व दूध घेऊन पहाटे मुंबईस जाणाऱ्या वसईकरांना चहा भेटला तो या वाटेवर. मठात किंवा दरबारात नव्हे.

मराठी समाजात चहाभोवती विधी निर्माण झालाच नाही, असे मात्र नाही. तो पेल्यातील पदार्थाविषयी नव्हता. पेला देणाऱ्या हाताविषयी होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. गोपाळराव जोशी यांनी हा प्रकार घडवून आणला आणि उपस्थितांची नावे पुणे वैभव या पत्रातून प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती मिशनात चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उपस्थित झाले, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला व रानड्यांना १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एक पेला चहाने पुण्यातील विद्वान समाज दोन वर्षे ढवळून निघाला.

याहून कठोर अनुभव अस्पृश्य मानल्या गेलेल्यांचा होता. चहाच्या दुकानांत त्यांच्यासाठी वेगळे पेले बाहेर ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी होती. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या सेवेतील गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी (कार. १८९४–१९२२) मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय कांबळ्यांना चहाचे दुकान काढून दिले. महाराज त्या दुकानापुढे आपली गाडी थांबवीत, कांबळ्यांच्या हातचा चहा सर्वांसमक्ष पीत व बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यावयास लावीत. रिक्यूच्या बुटक्या दाराने जे चार भिंतींच्या आत साधले, ते येथे भररस्त्यावर करावे लागले. चहा देण्याघेण्यातील आशय या प्रसंगात जितका प्रकट झाला, तितका तो महाराष्ट्राच्या इतिहासात अन्यत्र क्वचितच झाला असेल.

वसई-विरार भागात आज चहा सर्वत्र दूध-साखर घालून, पातेल्यात उकळून केला जातो. त्यात आले ठेचून घालतात आणि परसातील गवती चहाची पात टाकतात. गवती चहा ही चहाची जात नसून तृणकुलातील स्वतंत्र सुगंधी वनस्पती आहे. चहाच्या नावाने तिला ओळखावे, इतके या दोहोंचे साहचर्य दृढ झाले आहे. पानसुपारीचे तबक आता विवाहादी समारंभांपुरते उरले असून आल्यागेल्याचे स्वागत चहाने होते. पाहुण्याने ‘नुकताच घेऊन आलो’ असे म्हणावे, यजमानाने आग्रह करावा आणि अर्धा कप म्हणून पूर्ण भरून द्यावा, हा शिष्टाचार कोठेही लिहिलेला नसला तरी सर्वत्र पाळला जातो.

कपबशीतील बशीचा उगम चीनमध्ये असून थांग काळात, ७८०–८३ च्या सुमारास, सच्वान प्रांतातील त्स्वेइ निंग या अधिकाऱ्याच्या मुलीने गरम पेल्याने बोटे पोळू नयेत म्हणून ती योजिली, अशी तेथील परंपरा सांगते. चीनमध्ये बशी पेल्याखालीच राहिली. महाराष्ट्रात चहा निवविण्यासाठी तो बशीत ओतून फुंकून पिण्याची रीत पडली, आणि एका कपाचे दोन भाग करून एकाने कपातून व दुसऱ्याने बशीतून घेण्याचीही.